चाळीस फेऱ्यांचा धबधबा

आमच्या गावचा धबधबा कुलपात असायचा. हसू नका, खरं सांगते. कड्याच्या माथ्यावर पत्र्याची एक खोली आहे, आत लोखंडी चाक आहे, आणि ते चाक फिरवलं की धबधबा पडतो. उलटं फिरवलं की बंद. त्या खोलीची किल्ली एकोणतीस वर्षं आमच्या ह्यांच्या कमरेला होती. कागदावर ह्यांचा हुद्दा ‘द्वारचालक’, गावात सगळे ‘धबधबेवाले’ म्हणायचे, आणि मला राग आला की मी ‘नळवाले’ म्हणायची.

नदी पूर्वी आपली आपण पडायची. मग वरच्या अंगाला वीजघर झालं, नदी बोगद्यात गेली आणि कडा कोरडा पडला. गावाने आरडाओरडा केला, तेव्हा सरकारने मान्य केलं की पर्यटकांपुरतं पाणी सोडू. त्याचा वाटा मिनिटांवर ठरला, महिन्याला अमुक इतकी मिनिटं. माणसं जमली की ह्यांनी वीजघराला फोन करायचा, ‘पाणी सोडतोय’ म्हणून सांगायचं, वर जाऊन चाक फिरवायचं, आणि खाली आल्यावर वहीत तीन रकाने भरायचे: तारीख, माणसं, मिनिटं. मिनिटांच्या हिशेबासाठी तेच आकडे फोनवर वीजघराला कळवायचे. पंधरा फेऱ्या फिरवल्या की बऱ्यापैकी धार पडायची. चाळीस फेऱ्या म्हणजे पूर्ण. तेव्हा खालच्या कठड्यापर्यंत तुषार यायचे आणि माझ्या टपरीच्या काचा भिजायच्या. पण पूर्ण उघडलं की एका मिनिटाची तीन मिनिटं मोजायचे, म्हणून चाळीस फेऱ्या वर्षातून एखाद्या वेळी.

चाक फिरवल्यापासून पाणी कड्यावर यायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांवर माझा संसार चालला. लोक कठड्याशी उभे राहून वर बघत असायचे, काहीच दिसत नसायचं, हात गार पडलेले असायचे, आणि शेजारीच चहाची किटली. आधी आवाज यायचा, मग पाणी. आवाज आला की अर्ध्यांचे कप तसेच टपरीवर राहायचे.

आणखी एक नियम होता. पाच माणसं जमल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. हा नियम ह्यांनी कधी पाळला नाही. नवराबायको आले, उघडलं. एक मुलगी एकटीच आली, कोणाशी तरी भांडून आलेली असावी, डोळे सुजलेले होते; तिच्यासाठी वीस मिनिटं उघडलं आणि वहीत ‘पाच’ न लिहिता ‘एक’ लिहिलं. मी म्हटलं, “अहो, खोटंच वागायचं तर लिहायचं तरी नीट.” तर म्हणे, “वागलो ते माझं. वही सरकारची आहे.” असा माणूस. एक नियम मोडायचा आणि दुसरा तंतोतंत पाळायचा. त्यातला कुठला आपल्या मुळावर येईल हे काय सांगून येतं का.

पर्यटन खातं दर दोन वर्षांनी एक जाडजूड पुस्तक काढतं. देशातल्या सगळ्या सुट्टीच्या ठिकाणांची माहिती, शहरं सोडून. आडगावांची, डोंगरांची, किनाऱ्यांची. आमचं पान दोनशे सतरा. टपरीवर गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचत बसायची. देश केवढा मोठा, एका टोकाला लोक बर्फावर घसरतायत आणि दुसऱ्या टोकाला वाळूत अंडी उकडतायत, आणि सगळ्यांचं सरकार एकच. मिठाची गुहा आहे, गरम पाण्याची तळी आहेत, एका गावात नुसती फुलपाखरं बघायला माणसं जातात. पान चाळीसवर समुद्र आहे. निळाशार, काठाला लाकडी खुर्च्या मांडलेल्या. लग्नानंतर ह्यांनी मला त्या समुद्रावर न्यायचं कबूल केलं होतं. पण लोकांना सुट्टी असली की आम्हाला काम. सुट्टीच्या गावात राहणाऱ्याला सुट्टी कसली? आमच्या लेकीने शहरात दोन खोल्यांचं घर केलं, तिथेसुद्धा आम्ही अकरा वर्षांत दोनदा गेलो, तेही रात्र न थांबता.

अकरा वर्षांपूर्वी खात्याचा एक अधिकारी आला होता. गळ्यात मोठा कॅमेरा, बोलायला गोड. आमच्या क्वार्टरच्या वरच्या खोलीत दोन दिवस राहिला. ह्यांनी त्याच्यासाठी चाळीस फेऱ्या फिरवल्या, तासभर. तो कठड्याशी तोंड उघडं ठेवून उभा राहिला, चष्म्यावरचं पाणी पुसायचंही त्याला सुचेना. पुढच्या पुस्तकात आमच्या पानावर त्याने ‘अविस्मरणीय’ असं लिहिलं. त्या एका शब्दावर आम्ही अकरा वर्षं जगलो. टपरीवर मी तो मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता.

आणि तोच शब्द आम्हाला नडला.

या वर्षी पाऊस कमी, म्हणून आमचा वाटा महिन्याला तीनशे मिनिटांवर आला. उरलेली मिनिटं पुढच्या महिन्यात वापरता यायची, पण तिमाही संपली की बुडायची. तिमाहीचे दहा दिवस झाले असतील, तेव्हा खात्याचं पत्र आलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता डोळे मिटूनही दिसतं. देशभरातल्या ग्रामीण भागांतल्या सर्व ठिकाणांची या तिमाहीत फेरतपासणी होईल. जी ठिकाणं निकषांत बसणार नाहीत ती पुस्तकातून कमी केली जातील. आमच्या पत्राच्या खाली हाताने एक ओळ जास्त लिहिली होती: यादीतून कमी झाल्यास पाण्याचा वाटा वीजघराकडे परत जाईल.

म्हणजे चाक गेलं. चाक गेलं की नोकरी, नोकरी गेली की क्वार्टर, आणि धबधबा नसेल तर टपरीवर चहा प्यायला कोण, कावळे? ह्यांच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती.

पत्र हातात घेऊन हे पायरीवर बसले. “तपासणी कशी करणार ते लिहिलं नाहीये,” म्हणाले.

“त्यात काय लिहायचं?” मी म्हटलं. “मागच्या वेळेसारखीच. कोणीतरी येईल, बघेल, लिहील.”

“विचारू का पत्र पाठवून?”

“विचारा आणि सांगा त्यांना, की आम्हाला काही कळत नाही. अहो, असल्या वेळी शांत बसावं आणि तयारी करावी.”

तयारी म्हणजे काय, तेही मीच काढलं. ह्यांच्या डोक्यात असलं काही येत नाही. मी सरळ हिशेब मांडला. अधिकारी न सांगता येणार. आला की त्याला पंधरा फेऱ्यांची केविलवाणी धार दाखवायची का? मग नापासच. चाळीस फेऱ्या हव्यात, निदान दोन तास, आणि तो मुक्कामाला राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणजे सात-आठशे मिनिटं हाताशी पाहिजेत. आणि रोज दहा माणसांसाठी दहा-दहा मिनिटं उधळली तर ती उरणार कुठून?

“मग येणाऱ्यांना काय सांगायचं?”

“दुरुस्ती चालू आहे म्हणायचं. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न. नंतर आहेच की जन्मभर.”

हे बराच वेळ किल्लीशी खेळत बसले. मग म्हणाले, “लांबून येतात गं लोक.”

“आणि आपण कुठे जायचं? लेकीच्या दोन खोल्यांत? जावयाच्या पायाशी अंथरूण टाकायला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पाटी रंगवली, ‘दुरुस्तीसाठी बंद’, आणि कठड्याला बांधली. त्यांचं अक्षर सुंदर आहे. खोटं लिहायची सवय नसल्यामुळे असेल, पण त्या दिवशीची ‘दुरुस्ती’ जरा तिरकी आली होती.

लोक येत राहिले. येणारच, पुस्तकात पान होतं ना. येऊन पाटी वाचायचे, काळ्या कोरड्या दगडाकडे बघायचे, आणि माझ्याकडे वळायचे. मी चहा द्यायची आणि गोड बोलायची. कोणी चिडायचे. एकाने पुस्तक टपरीवर आपटलं, “काय अविस्मरणीय आहे हो, हा दगड?” मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, ओरड बाबा, तुझ्याच धबधब्यासाठी चाललंय हे. जे फार लांबून आलेले असायचे त्यांना मी चिठ्ठी लिहून द्यायची. तिमाही संपली की नवा वाटा मंजूर होऊन यायला आठवडा लागतो, म्हणून चिठ्ठीत तिमाहीनंतरची दहा तारीख. ‘या तारखेला या, पूर्ण पाणी बघा, चहा माझ्याकडून.’ खाली माझी सही.

आणि एक केलं. बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत माणशी एक वाळका वाटाणा टाकत गेले. अधिकारी आला की बरणी पुढे ठेवायची आणि म्हणायचं, साहेब, बंद असताना इतके आले, उघडं असताना किती येत असतील बघा. मला तेव्हा स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटत होतं.

बरणी अर्धी झाली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, “हे लोक वहीत पण लिहून ठेवा ना. तारीख आणि माणसं.”

“आणि मिनिटं?”

“मिनिटं शून्य.”

“वही पाणी बघणाऱ्यांची आहे,” हे म्हणाले. “ज्यांनी पाणी बघितलं नाही त्यांना कुठल्या तोंडाने लिहू? त्यांना तर आपण परत पाठवलं.”

मी हट्ट धरला नाही. वहीला कोण विचारतंय, असं मला वाटलं. अधिकारी डोळ्यांनी बघणार, वही चाळायला का येणार आहे?

वीजघरातल्या फोनवरच्या माणसाची आणि ह्यांची एकोणतीस वर्षांची ओळख, पण तोंड एकमेकांनी पाहिलेलं नाही. एकदा त्याचाच फोन आला. “काय धबधबेवाले, आजारी आहात का? महिना झाला, आवाज नाही तुमचा.”

“साठवतोय,” हे म्हणाले.

तो हसला. “साठवा, साठवा. आमचं काय, आमचं जातं फिरतंय.”

फोन ठेवून हे माझ्याकडे आले. “एक लक्षात आलं का तुझ्या? आपण मिनिटं साठवतोय. पाणी चाललंच आहे बोगद्यातून.”

“मग? मिनिटंच हवीत आपल्याला.”

“हो,” म्हणाले. पण त्यानंतर ते रोज दुपारी वर जाऊन चाकाला वंगण लावायला लागले. फिरवायचे नाहीत, नुसतं वंगण. खाली यायचे तेव्हा हात काळे आणि चेहरा तसाच.

ती दोघं आली तेव्हा निम्मी तिमाही उलटून गेली होती. म्हातारेबुवा सत्तरीच्या पुढचे, ताठ, गळ्यात मफलर. आजीच्या हातात काठी, अंगात राखाडी स्वेटर, एक बटण वेगळ्या रंगाचं. दोन बसगाड्या बदलून आली होती. बुवांनी पाटी वाचली, मग आजीला वाचून दाखवली, मग टपरीशी येऊन टोपी काढली. आता टोपी काढून कोण बोलतं?

“मी टपाल वाटायचो,” ते म्हणाले. “लग्न झालं त्या महिन्यात आम्ही इथे आलो होतो. एक्कावन्न वर्षं झाली. तेव्हा चाकबीक नव्हतं, नुसतं पडायचं. ही म्हणते एकदा परत बघायचंय. आता तिच्याच्याने पुन्हा पुन्हा प्रवास होणार नाही. पाच मिनिटं जरी दाखवता आलं तर…”

हे टपरीच्या मागेच होते. मी वळून बघितलं तर ह्यांच्या हातात किल्ली. कमरेची सुटून हातात आली होती. कड्यावर जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय.

मी गेले आणि ती किल्ली हातातून काढून घेतली. एकोणतीस वर्षांत मी त्या किल्लीला कधी हात लावला नव्हता. जड होती.

“आज ह्यांना दाखवाल, उद्या आणखी कोणाला,” मी हळू आवाजात म्हटलं. “आणि परवा साहेब आला की काय दाखवाल? माझं तोंड?”

“पंधरा मिनिटं फक्त. पंधरा फेऱ्या.”

“नाही म्हणजे नाही.”

आता बुवांना काय सांगायचं? दुरुस्तीचं म्हणावं तर ह्यांच्या हातातली किल्ली त्यांनी पाहिली होती. तेव्हा मला तो नियम आठवला. ज्याला आम्ही कधी विचारलं नव्हतं तो नियम.

“आजोबा, नियम पाच माणसांचा आहे,” मी म्हटलं. “तुम्ही दोघंच आहात.”

“पाच?”

“हो. पाचांच्या खाली उघडता येत नाही. सरकारी काम.”

त्यांनी मान डोलावली. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस, नियम म्हटल्यावर वाद घातला नाही. “बरोबर आहे,” म्हणाले. “नियम आहे तर आहे. मग आम्ही पाच जण येऊ.” मी चिठ्ठी लिहून दिली, दहा तारखेची. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पाकिटात नीट घडी करून ठेवली. आजी तेवढ्या वेळात कठड्याशी उभी होती. निघताना मला म्हणाली, “आवाज केवढा होता गं तेव्हा. हा काय म्हणतोय ते मला दिवसभर ऐकूच आलं नाही. नुसती हसत होते.”

मी बरणीत दोन वाटाणे टाकले. किल्ली संध्याकाळी ह्यांना परत दिली. त्यांनी ती कमरेला लावली.

अधिकारी आला नाही. शेवटचा आठवडा आला, तरी नाही. मी वरची खोली तीनदा झाडली, चादरी बदलल्या, खिडकीला नवा पडदा शिवला. रस्त्यावर कुठलीही मोटार दिसली की केस सारखे करायची. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी हिशेबात सातशे चाळीस मिनिटं होती. इतकी कधीच नव्हती. दुपारी एक छोटी बस आली, तेहेतीस माणसं, कुठल्यातरी कारखान्यातले कामगार आणि त्यांच्या बायकामुली.

हे म्हणाले, “आज सोडूया. संध्याकाळी बुडणारच आहेत सगळी.”

“पाच वाजेपर्यंत थांबा. असली माणसं शेवटच्या दिवशीच येतात.”

“अगं, तेहेतीस माणसं आहेत.”

“तेहेतीस माणसं पुस्तक लिहीत नाहीत.”

बस चार वाजता परत गेली. पाच वाजले. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग वहीत दिवसाची रेघ मारली. सातशे चाळीस मिनिटं गेली. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. कडा सकाळी होता तसाच संध्याकाळी.

तरीही मी म्हटलं, नसेल आला. नाही आला म्हणजे आहे तसंच चालू ठेवणार. ह्यांनासुद्धा तसं वाटलं असावं, कारण त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

सहा तारखेला नव्या वाट्याच्या मंजुरीऐवजी दुसरं पत्र आलं. एकच पान. कोणी अधिकारी कुठेच जाणार नव्हता. इतका मोठा देश, इतकी ठिकाणं, कोण कुठे जाणार? वीजघराकडून वहीच्या नोंदी दर आठवड्याला आपोआप खात्याकडे जात होत्या, आणि तपासणी म्हणजे तिमाहीत नोंदलेल्या माणसांचा आकडा. किमान पाचशे हवेत. आमच्या नावापुढे होतं: एकसष्ट.

ती एकसष्ट पहिल्या दहा दिवसांतली. पाटी लावायच्या आधीची.

मी बरणी उतरवली आणि जमिनीवर ओतली. मोजत बसले. ह्यांनी “कशाला?” असं एकदाच विचारलं. सहाशे अठ्ठावीस. दोनदा मोजले. सहाशे अठ्ठावीस माणसांना मी माझ्या हाताने चहा देऊन परत पाठवलं होतं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे शेंबडं पोर सांगेल. मी पन्नाशी ओलांडलेली बाई.

“मला बोला हो,” मी ह्यांना म्हटलं. “काहीतरी बोला. सगळं माझंच डोकं होतं.”

“मी लिहायला हवे होते,” हे म्हणाले. “तू सांगितलं होतंस.”

“लिहिले असते तर खोटं झालं असतं ना तुमच्या मते?”

“नाही. आले होते ते खरेच.” मग खाली बसत, “ते दोघं आले तेव्हा मी किल्ली द्यायला नको होती तुला.”

एवढंच. त्या दिवशी ते मला एक कडू शब्द बोलले असते तर तो मी डोक्यावर घेतला असता. पण ते वाटाणे बरणीत परत भरत बसले, एक एक करून, कोचाखाली गेलेलासुद्धा हात घालून काढला.

आठ तारखेला वीजघराची माणसं आली. त्यात फोनवरचाही होता. मी पहिल्यांदाच पाहिला, टक्कल पडलेला, बारीक. तो ह्यांच्याकडे बघायचं टाळत होता. त्यांनी चाक काढून नेलं नाही, दांड्याला वेल्डिंग करून जाम केलं. दहा मिनिटांचं काम. जाताना तो म्हणाला, “धबधबेवाले, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” क्वार्टर सोडायला महिनाअखेरपर्यंतची मुदत. लेकीला फोन केला. ती लगेच म्हणाली, “या ना, आई.” तिच्या मागे जावयाचा आवाज एकदम थांबला, तेही ऐकू आलं.

सगळ्या चिठ्ठ्या मी लक्षात ठेवल्या नव्हत्या. दहा तारखेला सकाळी मी टपरीतले कप कागदात गुंडाळत होते, तेव्हा खाली मोटार थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं टपरीचा पत्रा विकत घेणारा आला असेल.

बुवा आधी चढून आले. मफलर तोच. त्यांच्या मागे एक मध्यमवयीन माणूस आजीला हाताला धरून, त्याच्या मागे त्याची बायको, आणि तिच्या मागे दहा-बारा वर्षांची एक मुलगी, तोंड वाकडं करून, तिला यायचं नसावं. बुवांनी टोपी काढली. पाकिटातून चिठ्ठी काढली.

“मुलाला रजा घ्यायला लावली,” ते म्हणाले. “सुनेची परवापासून डोकेदुखी, तिलाही आणलं. नातीची शाळा बुडवली. बरोबर पाच आहोत. मोजा.”

हे मोकळी खोकी बांधत होते, ते उठून आले. त्यांनी खरंच मोजलं. बोट न दाखवता, नुसत्या डोळ्यांनी, एकेकावर थांबत. आजीवर जास्त थांबले. मग कमरेला हात गेला, तिथे किल्ली नव्हती, कुलूपकिल्ली वीजघराने नेली होती. तरी हे वळले आणि जिना चढायला लागले. मी हाक मारणार होते, पण मारून काय सांगणार होते?

“गेले,” बुवा नातीला म्हणाले. “आता चार मिनिटं लागतात. आधी आवाज येतो.” त्यांनी मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. कोणीतरी त्यांना हे सांगितलं असणार; मीच सांगितलं असेन. आजी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. सुनेने तिच्या डोक्यावर रुमाल बांधला, तुषारांनी भिजू नये म्हणून.

मी कप गुंडाळायचे सोडले. पहिलं मिनिट गेलं. वरून काही आवाज नाही. दुसरं गेलं. मुलगी पायाने दगड ढकलत होती. तिसऱ्या मिनिटाला मला सहन होईना. मी टपरीतून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आजोबा, पाणी येणार नाही. परवा कायमचं बंद झालं. वरचं चाक जाम केलंय. ते उगाच वर गेलेत.”

बुवांना आधी कळलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे. “पण तारीख आजचीच आहे.”

“हो. माझीच सही आहे.”

“आणि मागच्या वेळी? तेव्हा चालू होतं?”

खोटं बोलायला जागा होती. दुरुस्ती म्हणता आलं असतं. “चालू होतं,” मी म्हटलं. “पाणी पण होतं. भरपूर होतं.”

“मग आम्ही दोघंच होतो म्हणून?”

“हो,” मी म्हटलं. “दोघंच होतात म्हणून.”

त्यांचा मुलगा काहीतरी बोलायला पुढे आला, बुवांनी त्याला हाताने थांबवलं. आजी आमच्याकडे पाठ करून तशीच वर बघत होती. “गप्प बसा रे जरा,” ती म्हणाली, “आवाज यायची वेळ झाली.” आम्ही सगळे तिथे उभे राहिलो, चार मिनिटं होऊन गेली, त्याच्यावर आणखी कितीतरी. मग सुनेने आजीच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मी चहा देते म्हटलं. त्यांनी घेतला नाही. चिठ्ठी बुवांनी टपरीच्या फळीवर ठेवली, उडू नये म्हणून वर एक कप ठेवला, आणि टोपी घालून खाली उतरले.

हे बऱ्याच वेळाने आले. तळहात सोललेले होते. ते क्वार्टरमध्ये गेले आणि वही घेऊन आले. वही न्यायला खातं विसरलं होतं. पायरीवर बसून त्यांनी नवं पान उघडलं, रेघा मारल्या, आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं. तारीख: दहा. माणसं: पाच. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघत बसले.

“शून्य लिहा,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं.